बुडावरची अक्षरे : .३०३ पुंगळ्यांच्या कालनिश्चितीच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

महाविद्यालयाच्या इतिहास संग्रहालयाला देणगीदाखल आलेल्या रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची सूची करण्याचे काम आजपासून हाती घेतले. देणाऱ्या कुटुंबाने खोक्यावर ‘दुसऱ्या महायुद्धातली काडतुसे’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती चिठ्ठी जपून ठेवली असली, तरी तिच्यातला मजकूर ‘दात्याचे म्हणणे’ या रकान्यात जाईल, ‘काळ’ या रकान्यात नव्हे. खोके आत घेण्यापूर्वी पोलीस ठाण्याला लेखी कळवले, आत एकही जिवंत काडतूस नसल्याची पाहणी झाली आणि तसा कागद फाइलला लागला, मगच त्याला हात लावला. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे आणि ‘आजोबांच्या वेळचे आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

पुंगळीच्या बुडावर प्रायमरभोवतीच्या (ठोका बसताच ठिणगी पाडणारी मध्यातली छोटी टोपी म्हणजे प्रायमर) कड्यात जी अक्षरे आणि आकडे ठोकलेले असतात, त्यांवरून कारखाना, वर्ष आणि काडतुसाचा प्रकार ठरवायचा, एवढेच या कामाचे उद्दिष्ट आहे. सुरुवातीलाच एक शिस्त ठरवून घेतली : बुडावरचा ठसा हा एक साक्षीदार आहे आणि त्याच्या साक्षीला धातूकडून, मापाकडून किंवा प्रायमरकडून दुजोरा मिळाल्याशिवाय वर्षाच्या रकान्यात पेनने काही लिहायचे नाही. तोवर पेन्सिल.

दुसरी शिस्त अशी की, ब्रासो, चिंच, लिंबू यांपैकी काहीही पुंगळीला लावायचे नाही. प्रायमरभोवतीच्या लाखेचा रंग, तोंडाजवळच्या पितळावरची छटा आणि ठशाच्या कडा या तिन्ही गोष्टी एका चकाकीत कायमच्या जातात. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागवायचे. अक्षरांत बसलेली माती लाकडी दातकोरणीने काढायची, टाचणीने नाही.

१३ जुलै २०२४

ठसा वाचण्याआधी मापे घेतली, आणि हाच क्रम पुढेही ठेवायचा आहे, कारण पुंगळी कोणत्या काडतुसाची आहे हे माहीत नसताना अक्षरे वाचू गेल्यास मन आपल्याला हवा तो अर्थ लावते. .३०३ ब्रिटिश पुंगळीची लांबी सुमारे ५६.४ मिलिमीटर असते, बुडाची कड बाहेर आलेली असते, तिचा व्यास सुमारे १३.७ मिलिमीटर आणि जाडी सुमारे १.६ मिलिमीटर भरते. रशियन ७.६२ × ५४ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) या पुंगळीलाही अशीच बाहेर आलेली कड असते, पण ती १४.४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि लांबी अडीच-पावणेतीन मिलिमीटरने कमी येते. व्हर्नियर लावला की गोंधळ उरत नाही. जर्मन ७.९२ × ५७ ची लांबी .३०३ च्या इतकी जवळ आहे की नुसत्या उंचीवर जाणारा फसेल, परंतु तिची कड बुडाच्या बाहेर येत नाही, कडेच्या लगेच वर अंगाभोवती खाच असते.

खोक्यातला मोठा हिस्सा .३०३ चाच निघाला. थोड्या अमेरिकन .३०-०६ आहेत, थोड्या ७.६२ × ५१ आहेत, आणि काही सरळ नळीसारख्या, मान नसलेल्या पुंगळ्या आहेत, ज्यांची कड मात्र अगदी .३०३ चीच आहे. या शेवटच्या म्हणजे .४१० मस्केटच्या पुंगळ्या. ली-एनफील्ड रायफलची नळी बदलून बंगालमधल्या ईशापूरला पोलिसांसाठी जी मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक, बनवली गेली, तिचे काडतूस .३०३ च्या पितळाला मान न काढताच तयार होई. म्हणून कड तीच, अंग वेगळे.

२० जुलै २०२४

छायाचित्रणाची पद्धत ठरली. वरून सरळ पडणारा प्रकाश पितळावर नुसता चमकतो आणि झिजलेली अक्षरे त्यात बुडून जातात. त्याऐवजी एकच छोटा एलईडी दिवा बुडाच्या पातळीला जवळजवळ टेकवून ठेवला आणि पुंगळी हळूहळू फिरवत गेलो, तेव्हा अक्षराची प्रत्येक रेघ स्वतःची सावली पाडू लागली. एका दिशेच्या प्रकाशात त्या दिशेला समांतर असलेल्या रेघा दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक बुडाची किमान दोन छायाचित्रे, दिवा काटकोनात हलवून, घ्यायची आहेत. दहापट भिंग हाताशी असले, तरी वाचन छायाचित्रावरूनच करायचे, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ते तपासता येईल.

२७ जुलै २०२४

ज्यांचे ठसे ठसठशीत आहेत त्या आज एका बैठकीत मार्गी लागल्या. आर आणि एल या अक्षरांच्या मध्ये बाण असलेला ठसा वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा. हा रुंद टोकाचा बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. आर आणि जी म्हणजे चेशरमधील रॅडवे ग्रीन. नुसता के म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या विटनची कायनॉक कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिने चालवलेल्या वेगळ्या कारखान्यांना अंक मिळाले, त्यांपैकी के-२ स्टँडिशचा, के-४ येडिंगचा आणि के-५ किडरमिन्स्टरचा. जी आणि बी लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटलीचे, सी आणि पी गाइझलीच्या क्रॉम्प्टन पार्किन्सनचे, एस आणि आर स्पेनीमूरचे. एम आणि एफ म्हणजे मेलबर्नजवळचे फुटस्क्रे, एम आणि एच म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातील हेंडन. डी आणि आय कॅनडाच्या डिफेन्स इंडस्ट्रीजचे.

कारखान्याच्या खुणेखाली बहुतेकांवर रोमन सात आहे, म्हणजे १९१० साली स्वीकारलेले मार्क सात (मार्क म्हणजे काडतुसाच्या आवृत्तीचा क्रमांक) : १७४ ग्रेनची टोकदार गोळी, जिच्या आवरणाखाली टोकाला शिशाऐवजी ॲल्युमिनियमचा हलका तुकडा असे. रोमन सातापुढे झेड असला, तर आतली दारू कॉर्डाइट (धाग्यांच्या रूपातली, कमी धुराची ब्रिटिश दारू) नसून नायट्रोसेल्युलोजची होती असे समजायचे. रोमन आकड्याच्या जागी साधा ७ दिसला, तर पुंगळी १९४० च्या दशकाच्या मध्यानंतरची, कारण त्या सुमारास ब्रिटिश लष्कराने मार्कांसाठी रोमन आकडे सोडले. हा साधा ७ अतिशय उपयोगी आहे : वर्षाचा दुसरा आकडा झिजलेला असला, तरी शोधायची वर्षे एकदम थोडी उरतात.

३ ऑगस्ट २०२४

आजचा दिवस वर्ष नसलेल्या पुंगळ्यांचा. ब्रिटिश लष्करी पुंगळ्यांच्या बुडावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे १९०७ पासून येऊ लागले. त्याआधीच्या पुंगळीवर कारखाना आणि मार्क एवढेच असते, म्हणून तिचे वर्ष नव्हे, तर वर्षांची चौकट सांगता येते, आणि माझ्या मते नेमक्या पण उसन्या वर्षापेक्षा अशी प्रामाणिक चौकट सूचीत केव्हाही चांगली.

वुलिचचा ठसा असलेल्या दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या. एकीवर सी आणि रोमन दोन, दुसरीवर सी आणि रोमन सहा. इथला सी कॉर्डाइटचा. .३०३ हे काडतूस १८८८ च्या सुमारास ली-मेटफर्ड रायफलबरोबर आले, तेव्हा त्यात दाबून भरलेली काळी दारू होती. १८९१ मध्ये कॉर्डाइट आले आणि नवी दारू ओळखू यावी म्हणून बुडावर सी ठोकला जाऊ लागला. मार्क दोन १८९३ चा. त्यानंतर १८९७ ते १८९९ या काळात मार्क तीन, चार आणि पाच हे पुढच्या टोकाला पोकळी असलेल्या, शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांचे प्रकार आले. त्यामागे सरहद्दीवरच्या लढायांतली एक तक्रार होती की, पूर्ण आवरणाची गोळी माणसाच्या आरपार जाते पण त्याला थोपवत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्याचे कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी आवरणाचे टोक उघडे ठेवलेली गोळी याच तक्रारीपोटी तयार केली होती. १८९९ च्या हेगच्या घोषणेने अशा गोळ्या निषिद्ध ठरवल्या, ब्रिटिशांनी पसरणारे मार्क मागे घेतले, आणि १९०४ साली पुन्हा पूर्ण आवरणाच्या गोळीचा मार्क सहा आला.

हा सगळा इतिहास दोन पुंगळ्यांच्या बुडावर असा उतरतो : सी-दोनची चौकट १८९३ ते १९०४, सी-सहा पण वर्ष नसलेलीची १९०४ ते १९०७. दुसरी चौकट तीनच वर्षांची आहे, म्हणजे वर्ष न ठोकलेली ही पुंगळी वर्ष ठोकलेल्या एखाद्या झिजलेल्या पुंगळीपेक्षा जास्त बोलकी ठरली. ही चौकट मी वुलिचपुरतीच वापरतो आहे.

पहिलीबद्दल एक गोष्ट सूचीत स्पष्ट लिहिली. तिला पाहायला येणारे विद्यार्थी ‘ही दमदम गोळीची का?’ असे हमखास विचारतील. पुंगळीवरून झाडलेल्या गोळीचा आकार सिद्ध होत नाही. मार्क दोनचे बूड मार्क दोनपुरतेच बोलते.

१० ऑगस्ट २०२४

दोन पुंगळ्यांवर के हे अक्षर वाचता येते, वर्ष अर्धवट दिसते आणि उरलेला भाग झिजून सपाट झाला आहे. नुसता के असेल तर कायनॉक. के आणि एफ असेल तर खडकी. अम्युनिशन फॅक्टरी, खडकी ही १८६९ मध्ये स्थापन झाली आणि किर्की फॅक्टरी या तिच्या जुन्या नावाची आद्याक्षरे तिच्या पुंगळ्यांवर येतात. संग्रहालयापासून हा कारखाना रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यामुळे सगळ्याच के खडकीचे असावेत असा मोह इथे कोणालाही होईल, आणि नेमकी तीच गोष्ट टाळायची आहे.

निवाडा अक्षराच्या जागेवरून केला. बुडाच्या मध्यातून, रोमन सातच्या मधल्या रेघेतून, एक काल्पनिक अक्ष छायाचित्रावर आखला. पहिल्या पुंगळीवर के या अक्षाच्या बऱ्याच डावीकडे सरकलेला आहे आणि उजवीकडे एका अक्षराएवढी जागा मोकळी आहे, जी ठसा तयार करणारा कारागीर विनाकारण सोडणार नाही. दिवा उजवीकडून अगदी आडवा धरल्यावर त्या मोकळ्या जागेत एक उभी रेघ आणि तिच्या मध्यातून निघालेली एक आखूड आडवी रेघ दिसली. एफ. दुसऱ्या पुंगळीवर के आणि वर्षाचा आकडा मिळून अक्षाच्या दोन्ही बाजूंना समतोल बसतात, तिसऱ्या अक्षराला जागाच नाही, ती कायनॉकची.

कारखान्यात हत्यारघरात (टूल रूममध्ये) काम करून निवृत्त झालेले एक काका संध्याकाळी येऊन बसले. पितळी पट्टीतून वाटीसारखी चकती कापतात, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात, प्रत्येक ओढीनंतर भट्टीत नरम करून आम्लात धुतात, मग बुडावर प्रचंड दाबाने ठसा बसतो, आणि कड कातणे, अंगाला उतार देणे, मान काढणे हे सगळे त्यानंतर, असा क्रम त्यांनी सांगितला. “म्हणजे काका, बुडावरचे वर्ष पुंगळीचे, काडतुसाचे नाही?” असे मी विचारले, तर ते म्हणाले, “अहो, ठसा बसला तेव्हा त्यात ना दारू होती ना गोळी. डिसेंबरात ठोकलेली पुंगळी जानेवारीत भरली गेली, तर आकडा थोडाच बदलतो?” त्यांच्या या म्हणण्यानंतर सूचीतल्या ‘वर्ष’ या रकान्याचे नाव ‘पुंगळी घडवल्याचे वर्ष’ असे केले. भरल्याचे वर्ष त्यानंतरचे असू शकते, झाडल्याचे तर कितीतरी नंतरचे. भारतात .३०३ रायफल पोलिसांकडे एकविसाव्या शतकापर्यंत होती, त्यामुळे पहिल्या महायुद्धातली पुंगळी आणि तिच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान पुंगळी एकाच चांदमारीच्या मैदानावरून उचललेल्या असल्या, तर त्यात आश्चर्य नाही.

२४ ऑगस्ट २०२४

पावसाचा जोर आहे आणि सिलिका जेलची पाकिटे दर आठवड्याला बदलावी लागत आहेत.

जुन्या पुंगळ्यांपैकी काहींच्या मानेवर, तोंडापासून खाली, केसाएवढ्या बारीक उभ्या भेगा आहेत. झाडताना फुटलेल्या मानेच्या कडा बाहेर उघडलेल्या आणि आतून काजळलेल्या असतात. या भेगा मात्र घट्ट मिटलेल्या आहेत, कडेचे पितळ मुळीच वाकलेले नाही, आणि भिंगाखाली त्या सरळ न जाता नागमोडी उतरताना दिसतात. हा ‘सीझन क्रॅकिंग’चा नमुना दिसतो आणि त्याचा इतिहास आपल्याच पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश भारतात पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात आणि पाऊस सरल्यावर बाहेर काढली की पितळ तडकलेले निघे. एच. मूर, एस. बेकिन्सेल आणि सी. ई. मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला : थंड अवस्थेत ओढलेल्या पितळात ताण शिल्लक राहतो, घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ओलाव्याच्या साथीने त्या ताणलेल्या धातूवर काम करतो, आणि दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बाहेरून कसलाही धक्का न लागता पितळ फाटते. घडवून झाल्यावर माफक उष्णता देऊन ताण काढून टाकला की हा रोग टळतो.

कालनिश्चितीत याचा उपयोग मर्यादित आहे, कारण भेग केव्हा पडली हे ती भेग सांगत नाही. पण जतनासाठी ही नोंद महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे फरशी पुसायच्या ज्या द्रावणांत अमोनिया असतो, ती या खोलीत आणायची नाहीत, अशी सूचना दारावर लावता आली. भेगा असलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात, तोंड वर करून, ॲसिडमुक्त कागदात ठेवल्या.

३१ ऑगस्ट २०२४

मार्क सात नसलेल्या पुंगळ्यांचा आज निकाल लागला. मार्कच्या आकड्याआधी जी असेल तर मागे उजळ रेघ सोडत जाणारी ट्रेसर, डब्ल्यू असेल तर चिलखतभेदी, बी असेल तर आगलावी, एल असेल तर गोळी नसलेले आवाजी काडतूस. प्रायमरभोवतीच्या लाखेचा रंग याला दुजोरा देतो : साध्या मार्क सातला जांभळा, ट्रेसरला लाल, चिलखतभेदीला हिरवा, आगलावीला निळा. एका पुंगळीवर डब्ल्यू अर्धवट वाचता येत होता आणि तो उलटा धरला तर एम वाटत होता; प्रायमरच्या कडेला चिकटून राहिलेल्या हिरव्या लाखेच्या नखाएवढ्या कपच्याने प्रश्न सोडवला. ही पुंगळी कोणी हौसेने घासून लखलखीत केली असती, तर तो कपचा राहिला नसता.

एल असलेल्या पुंगळीचे तोंड दिव्याखाली धरले तर आतल्या बाजूला घड्यांच्या रेघा दिसतात, कारण गोळी नसल्यामुळे तोंड पाकळ्यांसारखे आत दुमडून बंद केलेले असते आणि झाडल्यावर ते उघडले, तरी दुमड पूर्ण पुसली जात नाही.

प्रायमरची तपासणी तोंडातून बारीक टॉर्च सोडून केली. तळाशी दोन छिद्रे आणि मध्ये उंचवटा दिसला की बर्डन पद्धत, मधोमध एकच छिद्र दिसले की बॉक्सर. ब्रिटिश आणि खडकीच्या पुंगळ्या बर्डनच्या निघाल्या, डी-आय ठशाच्या बॉक्सरच्या. गंमत अशी की, हायरम बर्डन अमेरिकन आणि एडवर्ड बॉक्सर वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतले ब्रिटिश अधिकारी, पण बर्डनची पद्धत युरोपने उचलली आणि बॉक्सरची अमेरिकेने. या तपासणीमुळे कॅनेडियन पुंगळ्यांना ठशाखेरीज दुसरा साक्षीदार मिळाला आणि त्यांची वर्षे पेनने लिहिता आली.

१४ सप्टेंबर २०२४

अमेरिकन .३०-०६ पुंगळ्या. चीन-ब्रह्मदेश-भारत रणभूमीवर अमेरिकन फौजा होत्या, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन पितळ भारतात सापडणे नवलाचे नाही. एकीवर एस, एल आणि एकटा ४ आहे. हे सेंट लुईस, १९४४. अमेरिकेतल्या काही कारखान्यांनी त्या वर्षी दोनऐवजी एकच आकडा वापरला. ४३ मधला ३ काढून टाकला की उरलेला ४ नव्या वर्षाला चालून गेला. हे ठाऊक नसलेला वाचक त्या ४ ला महिना किंवा मार्क समजेल.

७.६२ × ५१ मधल्या एका पुंगळीवर ओ, एफ, व्ही आहे : भुसावळजवळच्या वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना, स्थापना १९६४. स्थापनेचे साल हीच इथे खालची मर्यादा.

२१ सप्टेंबर २०२४

सूचीचे रकाने कायम केले : मापे, ठशाचे अक्षरशः वाचन, ठशाचा अर्थ, प्रायमरची पद्धत, लाखेचा रंग, धातूची स्थिती, पुंगळी घडवल्याचे वर्ष किंवा चौकट, आणि दात्याचे म्हणणे. वाचन आणि अर्थ हे रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. वाचनात फक्त जे दिसते ते लिहायचे, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी रेघ मारायची. अर्थ उद्या बदलला तरी वाचन बदलू नये. पुराभिलेख वाचणारे हेच करत आले आहेत आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान लेखालाही तोच नियम लागू होतो.

दात्याची चिठ्ठी निम्म्या मालापुरती खरी ठरली. उरलेल्यांत वुलिचची विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची सी-दोन आहे, पहिल्या महायुद्धातली कायनॉक आहे, आणि स्वातंत्र्यानंतरची वर्षे मिरवणाऱ्या खडकीच्या पुंगळ्या आहेत. प्रदर्शनाच्या पाटीवर म्हणून युद्धाचे नाव न घालता ‘.३०३ पुंगळ्या, १८९० चे दशक ते १९६० चे दशक’ असे लिहिले आहे.

एक पुंगळी पेन्सिलीतच राहिली. तिच्यावर आर, बाण आणि एल स्पष्ट आहेत, रोमन सात स्पष्ट आहे, वर्षाचा पहिला आकडा १ आहे आणि दुसऱ्या आकड्याच्या जागी कशाचा तरी घाव बसला आहे. घावाच्या वरच्या कडेला एक आडवी रेघ वाचली आहे, जी ५ ची असू शकते किंवा ७ ची. तिच्यासमोर ‘१९१५ किंवा १९१७’ असे लिहून दोन्ही बाजूंच्या प्रकाशातली छायाचित्रे जोडली आहेत.